नखभर

बालसा हातात घेतला की आधी वाटतं, काहीच घेतलं नाही.
दांडिया बाजारात, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत
मे महिन्यातही मी पंखा बंद ठेवून बसतो;
पंखा लावला तर पंख उडतो.

ब्लेड नवं लागतं. जुनं ब्लेड कापत नाही, चुरडतं,
आणि चुरडलेला बालसा पुन्हा फुगत नाही.
छत्तीस फुटांचा पुष्पक अठरा इंचांत बसवायचा:
पंख डोक्यावर, छत्रीसारखा,
आत दोन जागा, खांद्याला खांदा लागतील अशा,
आणि पंखाला खालून टेकू देणाऱ्या तिरक्या दांड्या.
दांड्यांना बालसा चालत नाही. त्या मी
उत्तरायणानंतर गच्चीवर पडलेल्या
फाटक्या पतंगांच्या कामट्यांतून काढतो.

हरणीच्या हँगरात एकोणीस वर्षं
पंखांवर कापड ताणलं, डोप लावला
(त्या वासानं दुपारचा डबा खाववायचा नाही),
सकाळी प्रॉपेलर हातानं फिरवून दिला.
वर कधी गेलो नाही.
कुणी विचारलं नाही. मीही नाही.

हे मॉडेल मागितलं हुतोक्षीबाईंनी.
फतेगंजच्या, शाळेत गणित शिकवायच्या. आता पंच्याहत्तरीच्या.
तेव्हा एकोणीस. दोन वेण्या, भावाची पँट.
एकतीस तास उडल्या आणि क्लब सोडला.
मास्तरांचा आवाज धावपट्टीच्या टोकाला ऐकू यायचा:
पाय झोपलेत का तुझे? डावीकडे का वाहतेस?
खाली उतरून त्या आपल्याच बुटांकडे बघत उभ्या राहायच्या
आणि मी चाकांखाली ठोकळे सरकवायचो,
गरजेपेक्षा जास्त वेळ.

त्याआधीच्या दिवाळीत डावी दांडी मीच बदलली होती.
धनतेरस. घरी पाहुणे. मागच्या दांडीचे आटे
पुरते बसले नाहीत, नखभर लांब राहिली.
वहीत लिहिलं: तपासलं, ठीक. खाली सही, व. ना. शिर्के.
आठवड्यानं लक्षात आलं. म्हटलं, उद्या करू.
मग टायर आले, मग तपासणीवाले साहेब आले,
मग बाई यायच्या बंद झाल्या.
पुढे विमानच भंगारात गेलं. त्याच्या कापडाच्या
चौकीदाराच्या बायकोनं पिशव्या शिवल्या.
एक माझ्याकडे आहे. तीत सँडपेपर ठेवतो.

नखभराला चोवीसनं भागलं
की लग्नपत्रिकेच्या कागदाची जाडी उरते.
तेवढीच कामटी लांब ठेवली.
दोनदा सरळ करून टाकली, दोनदा नवी कापली.
दुरुस्तीसाठी इतकं मोजमाप
मी पगार घेत होतो तेव्हाही केलं नव्हतं.

परवा आल्या. सरबताला हात लावला नाही.
विमान डोळ्यांच्या रेषेत धरलं, शेपटीकडून,
एक डोळा मिटून.
खाली भाजीवाला दोनदा ओरडून गेला.
“शिर्के, आ डाबी पांख पाछळथी ऊंची छे.”
मी म्हटलं, हो.
“लाकडाने लीधे?”
नाही, म्हटलं. लाकडामुळे नाही. आधीपासूनच.

पुढचं वाक्य मी चार दिवस घोळवलं होतं,
त्यासाठी इस्त्रीचा सदरा घातला होता.
तोंडातून निघालं ते एवढंच:
गोंद ओला आहे अजून, जपून धरा.

त्यांनी विमान खाली ठेवलं नाही.
माझ्याकडे बघितलंही नाही.
फक्त टेबलाखाली, चपलेतला त्यांचा उजवा पाय
फरशीवर हळूहळू दाबत गेला
आणि तसाच दाबलेला राहिला,
बराच वेळ,
सरबतातला बर्फ विरघळून जाईपर्यंत.