पिवळी स्कूटर

अप्पर डेपोच्या अलीकडं, चढ जिथं जरा दम खातो,
तिथं एक स्कूटर उभी असायची.
कुणाची, विचारू नका.
माझ्या इस्त्रीच्या टपरीपासून सात पावलं.
मागचं चाक बसलेलं,
फाटक्या सीटवर मांजरीची बाळंतपणं.

पहिल्यांदा 'पिवळी स्कूटर' कोण म्हणालं
यावर अजून वाद आहे.
बागवान म्हणतो मी, गॅसवाल्याला पत्ता सांगताना.
काळोखेबाई म्हणतात छे, आमच्या भिशीत ठरलं.
ठरलं वगैरे काही नव्हतं हो.
एकानं म्हटलं, दुसरा बरोब्बर पोचला,
एवढंच.

मग पिवळ्या स्कूटरपाशी दुधाचे क्रेट उतरू लागले,
पिवळ्या स्कूटरपाशी एकाचं लग्न मोडलं,
'चल, ये स्कूटरपाशी' म्हणून भांडणं पेटायची
आणि तिथवर चालत जाईस्तोवर निम्मी विझायची.
टँकर आला की वरच्या गल्लीत पोरं
नुसतं ओरडायची: पिवळीऽऽ!
आणि हंडे निघायचे.

तीन वर्षांमागं महापालिकेनं ती उचलली.
एक क्रेन, दोन माणसं.
तेलाचा डाग राहिला होता,
तोही नव्या डांबराखाली गेला.
दुसऱ्या दिवशी दूध तिथंच उतरलं.

औशाची एक पोरगी, परीक्षेसाठी येऊन राहिलेली,
आईला फोनवर समजावत होती,
"अगं, पिवळी स्कूटर म्हण. कुणीबी सांगंल."
तिनं ती जन्मात पाहिलेली नाही.
आई पोचली, लोणच्याच्या बरणीसकट.

परवा एक गृहस्थ आले. हिंगमिरे.
भावाची स्कूटर, म्हणाले.
भाऊ गेला, चावी आता सापडली.
मी म्हटलं, ती पिवळी ना?
"पिवळी कुठली? पांढरी. शोरूममधून मीच आणलेली."

मी वर पाहिलं.
सोनमोहोर.
वैशाखात त्याच्याखाली जे उभं राहील ते पिवळं.
म्हणजे जो कोण पहिला बोलला, तो उन्हाळ्यात बोलला
आणि आम्ही बाराही महिने तेच पाहिलं.

बागवान म्हणाला, असेल.
काळोखेबाई म्हणाल्या, पांढरी? शक्यच नाही.

हिंगमिरे चावी मुठीत धरून थांबले थोडे.
तेवढ्यात रिक्षावाल्याचा फोन: कुठंयत काका?
त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. ना पाटी, ना चौक.
माझ्याकडं पाहिलं.
मग घसा खाकरून म्हणाले,
"पिवळी स्कूटर माहितीये का?
तिथं."