हेडाऊंच्या खात्यावर

लकडगंजात माझा लेथ आहे, सहा फुटी,
वडिलांनी घेतला तेव्हाचा.
वहीत एक पान रामेश्वर हेडाऊंचं.
रक्कम कुठेच नाही, नुसती कामं:
पितळी बुश, आतून केसभर सैल.
शाफ्ट, एका टोकाला चपटी.
खाली पुन्हा तेच बुश, अर्धा केस सैल.
मग तेच, ‘परवा होतं तसं’.

मोतीबागेच्या कारखान्यात फिटर होते,
छोट्या गाडीचे डबे दुरुस्त करायचे.
गाडी बंद झाली, तरी पाच वाजता
रॉकेल आणि भुशानं हात धुवायची सवय राहिली.
हात धुऊन
मग कामाला बसायचे.

पहिलं यंत्र द्वारकाबाईंसाठी.
घरात माग होता. कांड्या भरून भरून
बाईंचं मनगट सुजायचं.
सायकलचं फ्रीव्हील, शिवणयंत्राचा पायटा,
आणि धागा तुटला की चाक थांबवणारी एक पत्ती,
दाढीच्या ब्लेडची.
अकरा महिने ते चाक थांबेना.
थांबलं तेव्हा
माग विकून दोन दिवस झाले होते.
बाई यंत्राकडे बघत राहिल्या.
“चांगलं आहे जी,” म्हणाल्या,
“आता काय भरू?”

संक्रांतीला गोळीबार चौकातल्या पोरांनी
त्याच्यावर मांजा गुंडाळला.
मांजा तुटला की चाक जागच्या जागी उभं.
हेडाऊ ओट्यावरून मान हलवायचे,
जशी कुणी आत्ताच परीक्षा घेतली.

एकदा इस्त्रीचा शर्ट घालून
सिव्हिल लाइन्सला गेले एका ऑफिसात. मी सोबत.
साहेबानं कागद उलटेपालटे केले.
“यात नवीन काय?”
हेडाऊंनी विचार केला, खरंच केला,
पंख्याचे पाच-सहा फेरे होईतो.
“हात दुखत नाही.”
ते कुठल्याच रकान्यात बसेना.
येताना तर्री-पोहे खाल्ले. पैसे मी दिले,
तेही वहीत नाही.

मग कूलर.
मे महिन्यात आमच्याकडे झोप नळाला बांधलेली.
पाणी येते रात्री दोनला.
टाकी भरली की गल्लीभर वाहते,
नाही भरली की पंप कोरडा जळतो.
हेडाऊंनी वार्निशचा रिकामा डबा तरंगता ठेवला,
त्याला पितळी दांडी, दांडीला सायकलची घंटी.
पाणी तळाला गेलं, एकदा टिण.
काठाला आलं, दोनदा.
वीज नको, बटन नको.
पाचपावलीतले लोक सांगून करवून न्यायला लागले.
पुढच्या उन्हाळ्यात कमाल चौकात
तेच, शेकड्यानं, प्लास्टिकच्या डब्याचं,
वर भलत्याच नावाचा स्टिकर.

चिडलो मी. मीच चिडलो.
त्यांनी एक विकत आणलं, माझ्या बाकावर खोललं,
आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला:
“अबे, दांडीचा वाक उलटा घेतला यायनं!
महिनाभरात अडकते हे.”

पंधरा दिवसांतच अडकलं.
मग रात्री दोनला खिशात पक्कड घालून
हेडाऊ गल्ल्यांतून फिरायचे.
ज्या दारातून पाणी वाहून राहिलं
त्या दाराची कडी वाजवायची.
आतला माणूस आधी शिव्या द्यायचा.
“दोन मिनिटं भाऊ, वाक सुधरवून देतो.”
हे माझं आहे, असं कुठेच सांगितलं नाही.
मी विचारलं, काऊन?
“माझं कसं? माझ्यात वाक बरोबर आहे.”

आता डोळ्यांना गेज दिसत नाही,
अंगठा फिरवून माप सांगतात.
काल लग्नपत्रिकेच्या पाठीवर एक आकृती घेऊन आले.
खालून वाचली, वरून वाचली. काय आहे हे?
“माहीत नाही अजून.
पण बुश लागन.”
मी वही उघडली. परवा होतं तसं?
“नाही, नाही,” जरा रागावलेच,
“परवाचं चुकलं होतं.”