आटे

ओरुस्ट बेटावर पंचेचाळीस वर्षं होड्या बांधतोय,
स्क्रूबद्दल मला कुणी शिकवू नये.
तरी डॉक्टर मेहराबींनी तळहातावर ठेवला तो
ओटच्या दाण्याएवढा, टायटॅनियमचा,
तेव्हा मी चष्मा काढून पुसला.

टोकाकडे निमुळता. आटे खोल, विरळ.
"वरच्या जबड्याचं हाड मऊ. पाइनसारखं."
(पाइन खास माझ्यासाठी असावा.)
सरळसोट स्क्रू तिथे नुसता फिरत राहतो,
निमुळता पाचरीसारखा शिरतो, बाजू दाबत.
अंग मुद्दाम खरखरीत केलेलं.
गुळगुळीत फळीवर रंग टिकत नाही, मी म्हणालो.
त्या म्हणाल्या, तेच.

पस्तीस न्यूटन-सेंटिमीटरला पाना थांबला.
एवढ्याशा जोरात माझी बिजागरीसुद्धा बसत नाही.
पूर्वी म्हणे आरशाच्या दांड्याने टकटक करून
कान द्यायचे.
मी फळीला अजून तेच करतो.
आता वर एक इवली खुंटी बसवतात,
चुंबक तिला न शिवता हलवतो,
ती थरथरते,
थरथर जितकी उंच सुराची
तितकी पकड पक्की.
आकडा आला: एकाहत्तर.
माझं वयही तेवढंच. हसायला गेलो,
ओठ बधिर, लाळ गळाली.

तिसऱ्या आठवड्यात साठ.
मी खुर्चीची कड धरली.
"घसरणारच," त्या म्हणाल्या.
"आवळलेलं जुनं हाड शरीर खरवडून काढतंय,
नवं अजून आलेलं नाही.
त्या बाजूने चावू नका.
आणि जिभेने सारखं ढोसू नका."

स्वानेसुंदच्या फेरीबोटीवर हाब्तोम आठवला.
अस्मारातून आलेला, एकोणीस वर्षांचा.
पहिल्या दिवशी रंधा असा धरला की मी शीळ घातली.
तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस फिरकलाच नाही.
मी रोज टकटक करत होतो ना,
हे कुणी शिकवलं? असं? पुन्हा कर.
कान तेज आहे माझा, याचाच तोरा.

गुरुवारी तो आला. मी काही विचारलं नाही.
ओकची फळी पुढ्यात ठेवली
आणि पार दुसऱ्या टोकाला जाऊन
रंगाचे डबे लावत बसलो, लावलेलेच.

बाराव्या आठवड्यात अठ्ठ्याहत्तर.
डॉक्टरांनी यंत्र माझ्याकडे वळवून दाखवलं.

हाब्तोमचा आकडा मला ठाऊक नाही.
आज सकाळी मात्र
मीच बसवलेल्या बिजागरीवर
त्याने दोनदा टिचकी मारली,
मान वाकडी करून ऐकलं,
आणि स्क्रू काढून
पुन्हा बसवला.