कमरेपर्यंत

गोदेला पाणी वाढलं की अख्खं नाशिक एकच विचारतं,
दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?
त्याच मापाने सांगते :
माझ्या कमरेपर्यंत.
दोन लाख चौऱ्याऐंशी हजार सहाशे.

तसा पाऊस कुठे झालाच नव्हता.
एक एअर फ्रायर. गोव्याच्या तीन रात्री.
पोराचा टॅब, स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या,
कॉलेज रोडवरचा चौदाशेचा केक.
पण गावात ऊन असतानाही पूर येतो,
वर धरणाचे दरवाजे उघडले की.
महिन्याला साडेतीन टक्के विसर्ग.

‘किमान देय रक्कम’ :
किती सोज्वळ शब्द, जणू मामीच म्हणतेय, निदान चहा तरी घे.
चौदा हजार दोनशे तीस भरले.
त्यातले मुद्दलापर्यंत पोचले अडीच हजार,
तेही पुरते नाहीत.

शिरीषला सांगितलं त्या रात्री
तो काहीच बोलला नाही,
ट्रॉली ओढत राहिला, सोडत राहिला.
सॉफ्ट क्लोज.
आवाज न करता बंद होण्याचे आपण
अकरा हजार जादा दिले होते.

मग फोन.
बँकेतली मुलगी म्हणाली, हप्ते पाडून देते, सोळा टक्के,
प्रोसेसिंग फी वेगळी.
दुसऱ्या बँकेचं कार्ड म्हणालं, बाकी माझ्याकडे आण,
तीन महिने व्याज नाही.
चौथ्या महिन्याचं विचारलं तर त्याला रेंज नव्हती.
पंचवटीतल्या पतपेढीला हवे दोन जामीनदार.
एक मिळाला.
दुसरा म्हणाला, बायकोला विचारून सांगतो.
अजून विचारतोय.
रोज रात्री आठला एक सद्गृहस्थ, आवाजात खडीसाखर :
मॅडम, अर्ध्यात मिटवून टाकू.
मिटतं म्हणे, पण सिबिलवर डाग राहतो,
पांढऱ्या सदऱ्यावर जांभळाचा राहावा तसा.
सराफ बाजारात आईच्या पाटल्या घेऊन गेले.
वजन केलं. परत आणल्या.
का, ते विचारू नका.

आणि या सगळ्यात कपाटात
नव्वद हजारांची माझी एफडी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, गुण्यागोविंदाने.
एका हाताने पावणेसात टक्के घेत होते,
दुसऱ्या हाताने बेचाळीस देत होते,
आणि स्वतःला हिशेबी समजत होते.
मोडली.

उरले एक लाख चौऱ्याण्णव हजार सहाशे.

जेल रोडला गेले.
बाबांनी नोटांच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं काढली.
दिवसभर हातात कोट्यवधी,
सुटताना गेटवर झडती.
त्यांनी स्टेटमेंट हातात घेतलं तेव्हा कळलं
झडती म्हणजे काय.
एकेका ओळीवरून बोट फिरलं.
केकपाशी थांबलं.
पुढे गेलं.

मग कार्ड मागितलं.
उलटसुलट केलं, नखाने टोकरलं,
खिडकीकडे धरलं.
“यातून पलीकडचं काहीच दिसत नाही गं,”
एवढंच म्हणाले.

मी रडायच्या तयारीने गेले होते.
त्यांनी फुलस्केप काढला, समास आखला.
“फुकट देणार नाही. फुकटचं तुला पचणार नाही.
बँक मला सव्वासात देते, तेच तू दे.
चोवीस महिने. दरमहा आठ हजार सातशे पस्तीस.
पाच तारखेला. रोख.
कार्डाचा आकडा शून्य झाल्याचं पत्र मला आणून दाखव.”
खाली माझी सही, शेजारी त्यांची,
साक्षीदार म्हणून शेजारच्या मथुरे काकू,
ज्यांना आता सगळं माहीत आहे.
म्हणजे अख्ख्या जेल रोडला.

परवा पाच तारीख होती.
पाचशेच्या सतरा, शंभराच्या दोन, वर पस्तीस.
बाबांनी अंगठा ओला केला,
मोजल्या, पुन्हा मोजल्या,
आणि त्यातली एक उचलून
सवयीने ट्यूबलाइटकडे धरली.

मुलीकडून आलेली असली तरी.

मी बाजूला उभी,
पाणी गुडघ्याकडे उतरतंय का बघत.
“खरी आहे,” ते म्हणाले,
आणि पावती फाडायला बसले.