खोटी पट्टी

उगारे सर गेल्याचं कळलं तेव्हा
मी उद्यमबागेत, भट्टीपाशी.
लोखंड उतरत होतं. फोन खिशात थरथरला,
पुन्हा थरथरला,
लॅडल भरेपर्यंत मी तो घेतला नाही.
सरांना हे पटलं असतं.

पारिसा बाबू उगारे. गाव अथणीकडचं,
नदी घरात शिरते त्या बाजूचं.
घरात कानडी, बाजारात मराठी,
फळ्यावर इंग्रजी,
चिडले की तिन्ही.

सूर्य मावळायच्या आत जेवणारा माणूस.
सहाच्या सुमाराला लॅबमधल्या व्हाइसशेजारी
डबा उघडायचे, कडक भाकरी, जवसाची चटणी.
"खातोस काय रे?"
उत्तराआधीच अर्धी भाकरी माझ्या हातात.
मग रात्री दहापर्यंत त्या धगीसमोर,
पाण्याचा थेंबही न घेता.
आम्ही मात्र तांब्यामागून तांब्या रिचवायचो
आणि त्यांच्याकडे बघायचं टाळायचो.

एकदा ओतायच्या क्षणी ओरडले, "तडी, तडी!"
साच्याच्या तोंडाशी मुंगी होती.
वाकले, फुंकली, ती गेली,
तिच्यामागे दुसरी निघाली.
लॅडलमधलं लोखंड लाल, मग काळपट.
कास्टिंग अर्धवट भरलं, पार वाया.
वरच्या साहेबांनी जाब विचारला.
सरांनी रजिस्टरात कारण लिहिलं, 'मुंग्या',
खाली सही केली,
आणि पगारातून पैसे भरले.

एका बंदच्या दिवशी फाटकावरच्या पाटीला
कुणीतरी डांबर फासलं.
कुठल्या भाषेच्या ते आता आठवत नाही.
आठवतं, पण सांगत नाही.
वर्गात आम्ही दोघंच. सर टिळकवाडीतून चालत आले,
बोटाला डांबर लागलेलं, ते पुढं धरलं:
"हे किती डिग्रीला मऊ होतं, सांग बघू."
मला सांगता आलं नाही.
त्या दिवशी तेवढंच शिकवलं.

आणि ती पट्टी.
पॅटर्न करायची, पितळेची,
तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून एक सूत लांब.
"लोखंड निवताना आखडतं.
फुटामागं एक सूत धर. पितळेला दीड.
खोटं मोजलंस तरच खरं हातात येईल."
आम्ही तिला खोटी पट्टी म्हणायचो.
मागच्या बाकावरचा कडोलकर
मार्क सांगताना म्हणायचा, खोट्या पट्टीनं साठ.
सर फळ्याकडे तोंड करून हसायचे,
खांदे दिसायचे हललेले.

निवृत्तीच्या दिवशी ती माझ्या हातात दिली,
वर्तमानपत्रात गुंडाळून. भाषण नाही, काही नाही.
"गंजत नाही. पण वाकवू नको."

परवा नव्या पोरानं कपाटातून तीच काढली
आणि ऑफिसच्या खिडकीची काच मोजली.
काच बसेना.
चौकटीला शिव्या देत
अर्धा तास घासत बसला बिचारा.
मी सांगितलं नाही. हसू येत होतं,
आणि दुसरंही काही येत होतं.

शोकसभेत लोक फार बोलले.
देवमाणूस. ऋषी. असा पुन्हा होणे नाही.
माझ्या मागून कुणी पुटपुटलं, जरा जास्तच होतंय.
मागं वळलो, तर कडोलकर,
डोक्यावरचं सगळं पांढरं.
मी नुसतं म्हणालो, "सूतभर."
तो खाली बघून रुमाल शोधायला लागला.

गेल्याला आता वर्ष होईल.
आवाज आखडत चाललाय, पहिल्यांदा तोच.
उंची किती होती त्यांची?
चष्मा कुठल्या कानाला दोऱ्यानं बांधलेला?
म्हणून हे लिहिताना
मीही ती पट्टी बाजूला ठेवली होती, लपवत नाही.
अर्धी भाकरी म्हणालो मघाशी.
चतकोर असेल.
चटणी मात्र होती तेवढीच तिखट.