उघडं फाटक

छत्तीस गोल खाल्ले, तेही घरच्या हॉलमध्ये.
रात्री बोटं दुखेस्तोवर लिहिलं मी आयविनवर :
हा गोलकीपर आहे की उघडं फाटक?
आणि शेवटी एक ओळ, त्याच्या बापाच्या बाटलीवर.
दोनशे जणांनी वा वा केलं.
झोप छान लागली.

पहाटे पाचला,
हार्स्टाडच्या न उजाडणाऱ्या डिसेंबरात
बर्फ काढणारी गाडी
माझ्या दारापुढे थांबली. काच खाली झाली.
आयविनच.
हँडबॉलवर घर कुठं चालतं?

"शेवटचा गोल दोन पायांमधून गेला.
बरोबर लिहिलंयस, सिग्रून.
बाप काढायला नको होता."

माझं फाटक मोकळं करून
गेला पुढच्या घराकडे.

मी एकच ओळ खोडली.
उघडं फाटक राहू दिलं.
शनिवारी पुन्हा मॅच आहे,
बघू.