तीन वाजता

सिग्रिड आली नाही.
परीक्षा आहे, म्हणाली. नव्हती.
विमानतळावर सोडायला मात्र आली,
आयविनच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं
आणि म्हणाली, बघून या. मग सांगा मला.
किंवा नका सांगू.

म्हणून आम्ही दोघंच,
साठीला टेकलेले, कानाच्या पाळ्यांपर्यंत उन्हानं भाजलेले,
अदिस अबाबाहून उत्तरेला निघालोय.
मागच्या सीटवर तिघांची जागा. मधे पाण्याच्या बाटल्या.

मुलुगेता गाडी चालवतो आणि पहिल्याच घाटात विचारतो,
मुलं किती?
एक, म्हणते मी. फोटो पुढे करते.
स्कीवर उभी, नाकाच्या शेंड्यावर बर्फ.
तो गाडी कडेला घेतो. फोटो धरून बसतो.
"ही तर आमची," म्हणतो,
आणि लगेच, आम्हाला लागू नये म्हणून,
"तुमची,"
आणि पुढचे चार किलोमीटर गप्प.

निलगिरीच्या रांगा. पाठीवर पिवळे कॅन बांधून
चढ चढणाऱ्या मुली.
प्रत्येकीचं कपाळ मी बघते.
हे करायचं नाही असं ठरलं होतं आमचं.
आयविनही बघतोय,
काचेत दिसतं मला.

हाइकचा दवाखाना तळ्याच्या वर,
कमरेपर्यंत निळी भिंत, मग पांढरी.
सिस्टर आस्कालेच कधीच निवृत्त झालेल्या,
तरी आल्या, काठाची शाल सारखी करत,
आणि वहीच्या ओळींवरून त्यांचं बोट फिरत गेलं
मसूर निवडावी तसं.
थांबलं.

"त्सिगेरेडा."

हे नाव आम्ही एकदाच ऐकलेलं,
एकोणीस वर्षांपूर्वी, खरखरत्या फोनवर,
आणि सिग्रिड म्हटलं होतं. माझ्या आत्याचं नाव. जवळचं वाटलं.
आस्कालेच शिकवू लागल्या:
जीभ दातांमागे दाबा, श्वास अडवा, आता सोडा.
शेंग तडकते तसं.
आयविनला जमेना. माझी थुंकी उडाली वहीवर.

आईच्या रकान्यात अंगठा.
शाई जराशी उजवीकडे ओढली गेलेली.
मी त्यावर बोट ठेवलं नाही.

पुढे, वेळ: तीन.
हे ठाऊक होतं. आमच्या कागदावरही तेच.
दर जानेवारीत, तिच्या वाढदिवसाला,
मी तीनच्या ठोक्याला उठून तिच्या दारात उभी राहिले आहे.
त्या बाईसाठी.
मध्यरात्र उलटलेली, कंदील असेल, नसेल,
कुणी पाणी तरी तापवलं असेल का,
असलं काहीबाही मनात, पाय गार पडेपर्यंत.

"रात्री कुठलं?" आस्कालेच म्हणाल्या.
"सकाळी. आम्ही उजाडल्यापासून मोजतो.
तीन म्हणजे ऊन पायरीवर आलेलं.
वार बघा, बाजाराचा. रस्ताभर माणसं,
गाढवं, कांद्यांची पोती."

आमच्या बेटावर त्या दिवसांत सूर्य उगवतच नाही.
आमच्याकडे तीन
वाजणार तरी कधी होते?

रात्री गच्चीवर जाऊन फोन लावला. रेंज येत जात होती.
सगळं सांगितलं, अंगठा सोडून.
ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली,
"म्हणजे इतकी वर्षं मला उगाच जागं केलंस?"
तुला कळायचं?
"दर वेळी. त्या फळीवर पाय द्यायचीस तू,
वाजणाऱ्या."

मग मी नाव म्हणून दाखवलं.
श्वास अडवून, जीभ दाबून, सगळं रीतसर.
"असं नाही," ती म्हणाली,
आणि म्हणाली तिनं ते स्वतः, एकदाच,
शेंग तडकावी तसं.

कुठे शिकली, कधीपासून, कुणाजवळ,
मी विचारलं नाही.
खाली कुत्री भुंकत होती.
काय म्हणते, काय म्हणते, आयविन बाही ओढत होता.
मी फोन त्याच्या कानाला लावला.